वडीलधाऱ्या माशाची भेट

कोल्हापूर मागे टाकून महामार्गाने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशाला कागल गाव येण्यापूर्वीच लक्ष्मी टेकडी लागते, आणि तेथून आत वळले म्हणजे, जो मुलूख एके काळी घाटग्यांच्या जहागिरीमुळे आणि त्या घराण्यात 1874 साली जन्मलेल्या राजर्षी शाहूंमुळे ओळखला जात असे, त्याच मुलखाच्या माळावर आज कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते आणि त्यांच्या दुतर्फा इंजिनांचे, सुताचे, कापडाचे व ओतकामाचे कारखाने उभे असलेले दिसतात. येथून समुद्र दृष्टीच्या टप्प्यात नाही. मुरगूड, राधानगरी आणि दाजीपूरचे अरण्य ओलांडून फोंडा घाट उतरावा, कणकवलीवरून कसालला यावे आणि तेथून पश्चिमेस वळावे, तेव्हा कोठे मालवणचा किनारा भेटतो. तथापि रविवारची सुटी साधून हा घाट उतरणारे आणि तारकर्ली-मालवणच्या पाण्यात पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारून येणारे लोक या वसाहतीत आता विरळ राहिलेले नाहीत, आणि त्यामुळे समुद्राच्या गोष्टी कारखान्याच्या आवारातही निघू लागल्या आहेत.

या वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात, जेथे पाण्याच्या पंपांचे अल्युमिनियमचे भाग ओतून, कातून आणि तपासून रवाना केले जातात, दोन स्नेह्यांमध्ये झालेला एक वाद मी ऐकला, आणि त्यातील दोन्ही पक्ष मनःपूर्वक मांडले गेल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवावा असे मला वाटले. एक पक्ष कारखान्याच्या मालकांचा. त्यांना सारे आप्पासाहेब म्हणतात. दुसरा पक्ष प्राणिशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या आणि विद्यार्थ्यांना घेऊन ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडपांवर वर्षानुवर्षे हिंडलेल्या प्राध्यापकांचा. त्यांना आप्पासाहेबही सर म्हणूनच संबोधतात. वादाचा विषय होता पाण्याखालची स्कूटर, म्हणजे पाणबुड्याला ओढत नेणारे विजेचे यंत्र, आणि तिच्या साहाय्याने खडकांत राहणारे मोठे मासे पाहण्याचा बेत.

बोलणे सुरू झाले तेव्हा तपासणीच्या टाकीत एक ओतीव नळकांडे बुडवलेले होते. त्याची दोन्ही तोंडे रबरी गादी लावून आवळलेली होती, आत दाबाची हवा सोडलेली होती, आणि एक तरुण कामगार टाकीवर वाकून कोठे बुडबुडा सुटतो का, हे पाहत होता. बराच वेळ काही झाले नाही. मग एका कडेला, जेथे धातू थंड होताना सुईच्या अग्राएवढे छिद्र राहून गेले होते, तेथे हवेचा एक बारीक मणी जमला, फुगला आणि सुटून वर गेला. कामगाराने नळकांडे बाहेर काढून त्या जागी खडूने फुली मारली.

आप्पासाहेब : सर, पंपात पाणी खेळवायचे असते, या नळकांड्यात मात्र पाण्याला मज्जाव करायचा आहे. पुढच्या भागात लिथियमच्या बॅटऱ्या, मध्ये मोटार, मागे पंखा, पंख्याभोवती संरक्षक कडे आणि दोन्ही बाजूंस मुठी, एवढीच या यंत्राची रचना. पाणबुड्याने मुठी धरून खटका दाबला की यंत्र त्याला ओढत नेते, आणि खटका सुटला की पंखा थांबतो. आमच्या दृष्टीने यात अवघड भाग दोनच: फिरत्या दांड्याजवळून पाणी आत शिरू न देणारे सील, आणि खारे पाणी अल्युमिनियमला जे खाते त्याचा बंदोबस्त. पृष्ठभागाला कठीण ॲनोडायझिंग केले, जस्ताचा तुकडा आधी झिजण्यासाठी जोडला आणि स्टीलचे स्क्रू अल्युमिनियमला थेट भिडू दिले नाहीत, तर दुसरी अडचण सुटते. मालवणला माणसे पाण्यात उतरतात, किनाऱ्याजवळच्या खडकाभोवती फिरणारे लहान रंगीत मासे पाहतात आणि वर येतात. मोठा गोबरा (ग्रूपर), पाकट, मुशी ही मंडळी त्याच्या पलीकडे, जेथे पाणी ओढीचे आणि खोल असते तेथे राहतात. त्यांच्यापर्यंत माणसाला पोहोचवणारे यंत्र या वसाहतीत का होऊ नये?

सर : होईल, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. उद्यमनगरातल्या ओतशाळांपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि आता ही वसाहत, अशा क्रमाने कोल्हापूरने धातूची विद्या वाढवलेली आहे. माझा प्रश्न यंत्राच्या अलीकडचा आहे. मोठा मासा दिसत नाही, तो माणूस त्याच्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून, की पोहोचल्यावर तो तेथे थांबत नाही म्हणून? की मुळात मोठा मासाच उरलेला नाही म्हणून? या तीन कारणांपैकी पहिल्यावरच आपले यंत्र उपाय करू शकेल.

आप्पासाहेब : पहिल्याच कारणापासून बोलू. पाणबुड्याच्या पाठीवर बारा लिटरची टाकी असते आणि तिच्यात 200 बार दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे पृष्ठभागावरच्या मापाने 2400 लिटर. त्यातील चौथा हिस्सा सुरक्षिततेसाठी राखून ठेवावा लागतो. उरली 1800 लिटर. शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाला मिनिटाला सुमारे 20 लिटर लागतात, पण दहा मीटर खाली दाब दुप्पट होत असल्यामुळे तेथे 40 लागतात. म्हणजे पाऊण तास मिळाला. आता प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले आणि श्वास दुप्पट झाला, की त्या पाऊण तासाची वीस-बावीस मिनिटे होतात, आणि तीही धापा टाकण्यात जातात. पायांनी पोहणारा ताशी एक-दीड किलोमीटर जातो. यंत्र त्याला ताशी तीन ते पाच किलोमीटर नेते आणि श्वास वाढू देत नाही. मोठ्या माशाच्या दारात पोहोचेपर्यंत हवा शिल्लक राहावी, एवढीच माझी मागणी आहे.

सर : हिशेब निर्दोष आहे. परंतु वेगाची किंमत आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन; त्यातून जाताना विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागणार. ही आठपट शक्ती जाते कोठे? पंख्याच्या मागे फेकलेल्या पाण्यात. मालवणचे पाणी लक्षद्वीपसारखे नितळ नाही. कर्ली आणि गड या नद्यांनी आणलेला गाळ तेथे तळाशी बसलेला असतो, आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून पुढे, विशेषतः थंडीच्या महिन्यांत, तो खाली बसला म्हणजेच काही मीटरांपर्यंत दिसू लागते. तळाजवळून स्कूटर नेली तर तिच्या झोताने उठलेला गाळ मागून येणाऱ्यांची दृष्टी घालवील, आणि नंतर जेथे बसेल तेथे प्रवाळ असतील. मालवणचे पोरायटीस जातीचे प्रवाळ चिवट खरे, अंगावर आलेला गाळ ते चिकट स्राव सोडून झटकून टाकतात. पण त्या झटकण्यालाही त्यांची शक्ती खर्ची पडते, आणि रोज दहा वेळा झटकावे लागले तर वाढायला काय उरणार?

आप्पासाहेब : हरकत रास्त आहे. ती मी यंत्रावर उत्तर देऊन मिटवीन: पंखा मोठा ठेवायचा, फेरे कमी ठेवायचे आणि वेगाची मर्यादा यंत्रातच बसवायची. परंतु सर, आपल्या बोलण्यामागे यंत्राविषयीची एक अढी मला जाणवते.

सर : अढी असेल तर तिला इतिहासाचा आधार आहे. माणसाला पाण्याखाली ओढून नेणाऱ्या यंत्रांची कीर्ती प्रथम झाली ती युद्धात. डिसेंबर 1941 मध्ये सहा इटालियन सैनिक अशा तीन वाहनांवर बसून, दोघे एकेका वाहनावर, अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि त्यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. कोणाला न कळता त्याच्यापर्यंत जाणे आणि काम उरकून निघून येणे, हा त्या यंत्राचा मूळ हेतू होता. भेटीला जाणाऱ्याने या हेतूपासून सावध असावे.

आप्पासाहेब : मग पाठीवरची हवेची टाकीही आपण टाकून द्यायला हवी. कुस्तो आणि गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारा झडपेचा रेग्युलेटर सिद्ध केला तो 1943 मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये, युद्ध चालू असतानाच. आज त्याच झडपेवर जगभरचे सागरशास्त्र उभे आहे. यंत्र कोठे जन्मले यावरून त्याचा न्याय करू नये. ते कोणाच्या हाती आहे, यावरून करावा.

सर : हे मी मान्य करतो. तर मग ते ज्याच्या दाराशी जाणार आहे, त्याचीही बाजू ऐकू. गोबरा हा पाठलाग करून शिकार करणारा मासा नव्हे. तो कपारीच्या तोंडाशी, अर्धा सावलीत आणि अर्धा उजेडात, छातीचे रुंद पर हळूहळू हलवीत एका जागी तरंगत राहतो. जबडा किंचित उघडतो, कल्ले फुगतात, मिटतात. डोळा मात्र खोबणीत फिरत असतो आणि आलेल्याला पुरता न्याहाळून घेतो. भक्ष्य टप्प्यात आले म्हणजे तो तोंड एकदम इतके मोठे उघडतो की आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्यही आत जाते. मध्येच लहानसे सफाई करणारे मासे येतात आणि त्याच्या ओठांवरचे, कल्ल्यांतले परजीवी टिपतात. तेवढा वेळ हा बलाढ्य प्राणी तोंड उघडे ठेवून निश्चल राहतो. आता विचार करा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. आणि माशाच्या कुशीवर, डोक्यापासून शेपटीपर्यंत, पाण्याची सूक्ष्म हालचाल ओळखणारी संवेदनशील रेषा असते. यंत्र दिसण्यापूर्वी ते त्याला ऐकू येते, आणि जवळ आल्यावर अंगाला कळते. कपारीतला मासा अशा वेळी एकच गोष्ट करतो: आत सरकतो. आपण मोठा मासा पाहायला म्हणून जाल आणि रिकामी कपार पाहून याल.

आप्पासाहेब : पायांनी पोहणारा तरी मुका असतो काय? त्याच्या तोंडातून दर श्वासाला बुडबुड्यांचा लोंढा निघतो आणि त्याचा आवाज पाण्यात भरून राहतो. दमलेला पाणबुडा जास्त श्वास घेतो, जास्त बुडबुडे सोडतो आणि हातपायही जास्त झाडतो. यंत्रावरून आलेला शांत मनुष्य, कपारीपासून दूर मोटार बंद करून थांबला, तर त्याचा उपद्रव त्या दमलेल्यापेक्षा कमीच होईल.

सर : ‘दूर मोटार बंद करून’ हे शब्द आपण उच्चारलेत, याचा मला आनंद वाटतो, कारण माझे निम्मे म्हणणे त्यात येऊन गेले. पाहण्यासारखे जे आहे ते थांबल्यावरच दिसते. तांबड्या समुद्रातील गोबऱ्यांची निरीक्षणे 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत आढळले की भक्ष्य एखाद्या फटीत निसटले, की गोबरा वाम माशाच्या बिळापाशी जातो, त्याच्यापुढे डोके विशिष्ट रीतीने हलवून त्याला बाहेर बोलावतो, आणि मग दोघे मिळून शिकार करतात: वाम फटीत शिरतो, गोबरा बाहेर दबा धरतो. दोन भिन्न जातींच्या माशांमधली ही कबुलात ज्यांनी पाहिली, त्यांनी माशांच्या मागे तासन्‌तास संथपणे पोहत ती पाहिली. भरधाव गेलेल्या माणसाच्या नजरेस तेथे एक गोबरा आणि एक वाम पडले असते, आणि त्या दोघांमधला व्यवहार सुटून गेला असता.

आप्पासाहेब : आता दुसऱ्या बाजूनेही पाहा. पाहणाऱ्याचा पैसा हा जिवंत माशाचा पक्ष घेतो. फ्लोरिडात गोलायथ जातीच्या प्रचंड गोबऱ्यांची इतकी शिकार झाली की 1990 मध्ये तिच्यावर बंदी आणावी लागली. पुढे ते मासे हळूहळू परतले, आणि उन्हाळ्याअखेर अंडी घालण्यासाठी ते जमतात तेव्हा त्यांना पाहायला लांबून पाणबुडे येऊ लागले. पुढे शिकारीला मर्यादित परवाने देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत पाणबुड्यांना घेऊन जाणारे व्यावसायिकही होते. 2023 मध्ये लहान माशांपुरते थोडे परवाने दिले गेले, परंतु मोठ्या माशांचे अभय कायम राहिले. मालवणातही रापणीचे जाळे ओढणाऱ्यांची मुले आज पाहुण्यांना पाण्यात नेतात. मोठ्या यांत्रिक नौकांच्या पर्ससीन जाळ्यांनी त्यांची मासळी हिरावली, तर हा एक व्यवसाय त्यांच्या हाती आहे. जो गोबरा एकदा कापला की एकदाच पैसा देतो, तोच जिवंत राहिला तर पिढीभर देईल.

सर : या मुद्द्यावर आपण दोघे एकाच पक्षाचे आहोत, परंतु त्याच्या पोटात काय आहे तेही पाहू. गोबऱ्यांच्या अनेक जातींत मासा प्रथम मादी म्हणून जगतो, आणि वयाने व आकाराने वाढल्यावर नर होतो. म्हणजे खडकावरचा सर्वांत मोठा मासा हा बहुधा त्या साऱ्या वस्तीचा नर असतो, आणि तो मारला तर केवळ एक मासा जात नाही, पुढच्या विणीचा आधारच जातो. शिवाय ते वर्षानुवर्षे त्याच कपारीत राहतात आणि ठरावीक ठिकाणीच अंडी घालायला जमतात, त्यामुळे ज्याला जागा माहीत झाली त्याला ते सारे माहीत झाले. माणसाला न भिणे हा त्यांचा स्वभाव; आणि भाल्याने शिकार करणाऱ्यांनी याच स्वभावाचा फायदा घेऊन ठिकठिकाणचे मोठे गोबरे संपवले. जायंट ग्रूपर, जो 2.5 मीटरांहून लांब आणि 400 किलोंपर्यंत होऊ शकतो, त्याला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली घालावे लागले ते उगाच नव्हे. आप्पासाहेब, मोठा मासा म्हणजे वय. मालवणला वीस वर्षांचा गोबरा पाहायचा असेल तर त्याला वीस वर्षे जगू द्यावे लागेल, आणि ही मुदत कोणत्याही मोटारीने कमी होणारी नाही.

आप्पासाहेब : परंतु त्याला जगू देण्याचा हुकूम कागदावर आहेच. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून घोषित आहे.

सर : आहे; 13 एप्रिल 1987 ची ती अधिसूचना आहे, क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, आणि त्यातला सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोवतालचा 3.182 चौरस किलोमीटरचा भाग गाभा म्हणून राखलेला. परंतु जाळे टाकण्याचा पिढीजात हक्क जाईल या भयाने मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो विरोध समजून घेण्याऐवजी सरकारी दप्तर आपल्या जागी व समुद्र आपल्या जागी राहिला. ज्यांच्या होड्या रोज त्या पाण्यावर फिरतात, त्यांची संमती नसलेले अभयारण्य नकाशावर राहते. याउलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे: जाळ्यात संरक्षित जीव सापडला असता जाळे कापून त्याला सोडून देणाऱ्या मच्छीमाराला सरकार 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते, आणि त्यामुळे व्हेल शार्क आणि कासवे सुटल्याच्या वार्ता मच्छीमार स्वतःच आणू लागले आहेत. हा मार्ग मला पटतो.

आप्पासाहेब : मग स्कूटरला आपला विरोध नेमका कोठे आहे, ते सांगा, म्हणजे मला यंत्र तरी नीट करता येईल.

सर : पश्चिम ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे व्हेल शार्कबरोबर पोहण्याची मुभा आहे, पण नियम असा, की त्याच्या अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर दूर राहायचे, आणि यंत्राच्या साहाय्याने पोहायचे नाही. व्हेल शार्क तर फिरता प्राणी, तो हवे तेव्हा खोल निघून जातो. आपला गोबरा घर सोडून जाईल कोठे? आपल्या वाटेवरचेच उदाहरण घ्या. दाजीपूरचे अरण्य हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. तेथे गवा पाहायला जाणारा जाणता मनुष्य गव्याच्या कळपात गाडी घालीत नाही. तो वाटेवर गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो आणि कळप आपल्या गतीने पुढे येईल याची वाट पाहतो. गाडीला रानात जागा आहे, कळपात नाही. समुद्रातही मला एवढाच नियम हवा आहे.

आप्पासाहेब : तो मला मान्य आहे. पण एक गोष्ट सर, जी मी आतापर्यंत बोललो नाही. या वसाहतीत प्रेसखाली पाय गेलेले कामगार आहेत, गुडघे झिजलेले साठीचे फिटर आहेत. जमिनीवर त्यांना कुबडी लागते. पाण्यात मात्र वजन नाहीसे होते, आणि तेथे केवळ पाय मारता न येणे एवढाच अडथळा उरतो. तो अडथळा या मुठी दूर करतात. आपण ज्याला वेग म्हणता तो अशा माणसाच्या बाबतीत वेग नसतो, ती त्याची चाल असते. धडधाकट तरुणांनीच मोठा मासा पाहावा, असे तर आपण म्हणणार नाही?

सर : (थोडे थांबून) नाही, असे मी म्हणणार नाही. या एका कारणासाठी आपले यंत्र झालेच पाहिजे, आणि ते उत्तम झाले पाहिजे. परंतु मग त्यांच्या जिवाचाही विचार करा. हौशी नवख्याला मालवणात शिक्षक हाताने धरून खाली नेतो, आणि तेच बरोबर आहे. त्याच्या हाती यंत्र देऊ नये. यंत्राचे तोंड चुकून वर झाले आणि त्याने नवख्याला झपाट्याने वर आणले, तर श्वास रोखलेल्या छातीतील हवा फुगून फुप्फुस फाटू शकते. झपाट्याने खाली नेले तर कानाचा दाब सांभाळायला अवधी मिळत नाही. आणि बॅटरी दूरवर संपली, तर परतीचे अंतर शेवटी पायांनीच कापायचे असते. ज्याचे पाय अधू आहेत त्याच्यासोबत दुसरे यंत्र आणि दुसरा जाणता पाणबुडा असलाच पाहिजे.

आप्पासाहेब : हे सारे मी नोंदवून घेतो: वेगाची मर्यादा, खोली झपाट्याने बदलली तर आपोआप थांबणारी मोटार, निम्मी बॅटरी संपण्याच्या आधीच परत फिरण्याची सूचना, आणि पाण्यात ना तरंगेल ना बुडेल असे वजन, म्हणजे खडकापासून दूर थांबल्यावर ते कमरेच्या कड्याला अडकवून ठेवता येईल आणि तळावर टेकवावे लागणार नाही. शिवाय जेथे झोताने कोणाचे नुकसान होणार नाही असे ठिकाणही आहे. नौदलाच्या सेवेतून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची योजना राज्याच्या पर्यटन महामंडळाने आखलेली आहे. जहाजाच्या पोलादी अंगाभोवती फिरायला स्कूटर योग्यच. आणि पुढे कधी तरी, सर, आंग्रिया बँक!

सर : तेथे मात्र माझी वाट वेगळी होते. विजयदुर्गापासून 100 किलोमीटरांहून दूर, भर समुद्रात, पृष्ठभागाखाली सुमारे 20 मीटरांवर ते प्रवाळांचे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला लाभले आहे. ते किनाऱ्याच्या गाळापासून दूर आहे म्हणून नितळ आहे, आणि माणसाच्या वर्दळीपासून दूर आहे म्हणून मोठे मासे तेथे वाढू शकतील. जेथे अजून पाहुण्यांची वर्दळ नाही, तेथे अभ्यासकांशिवाय कोणीच जाऊ नये, यंत्राने नाही आणि यंत्रावाचूनही नाही.

आप्पासाहेब : मला हे पटत नाही. जे कोणी पाहिले नाही, त्याच्यासाठी कोणी भांडत नाही. पर्ससीनची जाळी तेथे पोहोचतील तेव्हा साक्षीला कोण असेल?

या प्रश्नावर दोघांचे एकमत झाले नाही, आणि मला वाटते, ते इतक्यात होण्यासारखेही नाही. परंतु जेथे एकमत झाले, ते क्षेत्र लहान नाही, आणि त्याविषयी मला स्वतःचे मत स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते. अभयारण्याच्या गाभ्यात मोटार असलेले कोणतेही यंत्र पाण्याखाली नेऊ नये. अन्यत्र ते प्रशिक्षित पाणबुड्याच्याच हाती द्यावे, आणि प्रवाळांच्या काठावर पोहोचताच बंद करावे. ज्यांना पायांचे बळ नाही त्यांच्यासाठी ते प्राधान्याने उपलब्ध असावे. आणि हे नियम लिहिताना मालवण, देवबाग, निवतीच्या मच्छीमारांना कचेरीत बोलावून घेण्यापेक्षा नियम करणाऱ्यांनीच त्यांच्या किनाऱ्यावर जाऊन बसावे. असे नियम पाळण्यास सोपे असतात, कारण ते पाळणाऱ्याच्या पोटाशी वैर धरीत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट खर्चाच्या क्रमाची आहे. या वसाहतीतील कारखानदारांची बुद्धी आणि भांडवल मालवणच्या समुद्राकडे वळत असेल, तर त्याचे मी स्वागतच करीन. पण स्कूटरवर पुढचा रुपया खर्च करण्यापूर्वी तो सोडलेल्या गोबऱ्याच्या भरपाईवर, होड्यांचे नांगर प्रवाळांवर पडू नयेत म्हणून बांधलेल्या कायमच्या बोयांवर, आणि किनाऱ्यावरच्या मुलांना माशांची गणती शिकवण्यावर खर्च व्हावा. सरांनी विचारलेल्या तीन कारणांपैकी तिसरे, मोठा मासाच उरलेला नसणे, हे खरे ठरले तर उत्तमातले उत्तम यंत्र माणसाला ओसाड खडकापर्यंत नेऊन सोडील. आणि ते कारण खोटे ठरवणे आपल्या हाती आहे. आप्पासाहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात बोयांच्या साखळीसाठी लागणाऱ्या कड्यांचा नमुना ओतायला घेतला, स्कूटरचे नवे नळकांडे त्यानंतर; हा क्रम मला योग्य वाटतो, आणि इतर कारखानदारांनीही तो स्वीकारावा, अशी माझी विनंती आहे.